डोलीतून उतरलेला पाहुणा

अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये मी गाईडचं काम करते, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. माहेर लासूर स्टेशनकडचं, शेतीवाडीचं घर. विद्यापीठात एक परदेशी भाषा शिकले, ती केवळ त्या वर्गात जागा शिल्लक होती म्हणून. पुढं त्याच भाषेनं मला पोसलं. ती भाषा कोणती हे मात्र इथं लिहिणार नाही. ज्या पाहुण्याबद्दल सांगायचंय त्याला मी तसा शब्द दिलाय. उड्डाणातच रॉकेट बिघडलं आणि तरी जिवंत परतली अशी माणसं जगात इतकी थोडी आहेत की भाषा कळली तर माणूस कोण हे कुणीही शोधून काढेल.

मला तरी आधी कुठं माहीत होतं? ट्रॅव्हल एजन्सीच्या पोरीनं आदल्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं, "मॅडम, रिटायर्ड इंजिनीअर आहेत. पाठीचा त्रास आहे. बायकोचं पोट बिघडलंय, त्या हॉटेलवरच थांबतील. यांना जरा हळूहळू दाखवा."

जानेवारीतली सकाळ होती. संभाजीनगरहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं. पाहुणा साठी ओलांडलेला, ठेंगणा, मोठ्या कानांचा, आणि बोलायला अगदी कमी. सिल्लोडला चहा प्यायलो तेव्हा त्यानं कापसाच्या गाड्या पाहिल्या आणि विचारलं, "हा वेचायला माणसं लागतात की यंत्र?" मी म्हटलं, "माणसं. बायकाच जास्त." त्यानं मान हलवली. पुढं घाट उतरून फर्दापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, शांत माणूस आहे, आजचा दिवस सोपा जाणार.

लेण्यांच्या पायथ्याला पायऱ्यांचा चढ लागतो. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी डोली असते. दोन लांब दांड्यांना बांधलेली खुर्ची, ती चार माणसं खांद्यावर घेतात. मी ओळखीच्या चौघांना बोलावलं. पाहुणा आढेवेढे न घेता खुर्चीत बसला. मांडीवर हात ठेवले, कॅमेरा गळ्यात. पुढच्या दोघांनी आधी दांड्या उचलल्या, तशी खुर्ची मागं कलली. पाहुण्याचं तोंड वर आभाळाकडं झालं, पाय उंच झाले. मग मागच्यांनी जोर लावला आणि डोली एका हिसक्यात वर गेली.

पाहुणा ओरडला. "खाली! खाली ठेवा!" भाषा त्याची होती, पण चौघांनाही ती माझ्याशिवाय कळली. त्यांनी डोली झटकन टेकवली. त्याच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या होत्या, बोटं पांढरी पडली होती. त्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी पाण्याची बाटली पुढं केली.

पुढच्या दांडीला होता तो डोलीवाला घाबराघुबरा झाला. पस्तिशीतला, काटक, धनगराच्या घरचा. बोलायला पुढं असायचा नेहमी. म्हणाला, "ताई, आमचं काय चुकलं का? आम्ही हालवलं नाय त्यांना."

मी पाहुण्याला तसं सांगितलं. तो पायरीवर बसला होता. थोडं पाणी पिऊन म्हणाला, "त्यांची काहीच चूक नाही. सांगा त्यांना. मी एकदा असाच उताणा, आभाळाकडं तोंड करून वर निघालो होतो. ते अंगाला आठवलं. मला वाटलं होतं, आता विसरलं असेल."

"कुठल्या डोंगरावर?" मी विचारलं.

"डोंगर नाही. अंतराळात निघालो होतो. त्या वेळी पोचलो नाही."

मला क्षणभर वाटलं, आपल्याच कानांची काहीतरी चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यानं तेच शब्द हळू बोलून पुन्हा सांगितले. डोलीवाले माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मराठीत सांगितलं तसे चौघंही एकदम बोलायला लागले.

"रॉकेटात बसलेला माणूस हाय हा?"

"विचारा ना ताई, मंग काय झालं?"

पाहुणा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मी चालतच वर जातो. वाटेत बसावं लागेल. यांची डोली आज माझीच आहे, तेव्हा यांनी माझ्यासोबत यावं. मी सांगतो." अशी आमची वरात निघाली. पुढं काठी टेकत पाहुणा, बाजूला मी, मागं रिकामी डोली घेतलेले चौघं. उतरणारे लोक वळून बघत होते.

दहा-पंधरा पायऱ्या झाल्या की तो बसायचा आणि थोडं सांगायचा. पहिल्याच थांब्याला माझी पंचाईत झाली. त्याच्या बोलण्यातला मुख्य शब्द बूस्टर. तो डोलीवाल्यांना कसा सांगायचा? मग मला आमच्याकडची उसाची ट्रॉली आठवली. मी म्हटलं, "भरलेली ट्रॉली चढाला एका ट्रॅक्टरला ओढंना झाली तर दुसरा ट्रॅक्टर जोडतात की नाही? तसं मधल्या मोठ्या रॉकेटच्या बाजूंना चार छोटी रॉकेटं लावलेली असतात. सुरुवातीचा चढ चढवून द्यायचा आणि मग गळून पडायचं, एवढंच त्यांचं काम."

"समजलं," मागचा एक जण म्हणाला. "मंग त्यातलं एक बंद पडलं असंल."

मी हे पाहुण्याला सांगितलं तर त्यानं त्या माणसाकडं मोठ्या आदरानं बघितलं. "बरोबर. एकाचा जोर गेला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. एक बाजू ढिली पडल्यावर सगळं रॉकेट त्या अंगाला कललं. तो ताण शेजारच्या दुसऱ्याला सोसला नाही. ते वेळेआधी सुटलं आणि मधल्यावर आदळलं. आम्हाला हे नंतर कळलं. तेव्हा फक्त हिसका बसला, समोर लाल दिवा लागला आणि कानात भोंगा वाजायला लागला."

"किती उंच होते?" एका डोलीवाल्यानं विचारलं.

पाहुण्यानं आकडा सांगितला. मी हिशेब करून म्हटलं, "इथून सिल्लोड जेवढं लांब, तेवढं सरळ वर."

एक जण मान वर करून बघायला लागला, जणू तिथं काही दिसणार होतं.

यानात दोघं होते; आमचा पाहुणा आणि त्याचा जोडीदार. दोघांची ती पहिलीच खेप, पण कित्येक वर्षं एकत्र सराव केलेला. असं काही झालं तर माणसानं काही करायची गरजच नसते, पाहुणा सांगत होता. यानाला वेगळं सुटकेचं रॉकेट असतं. बिघाड झाला की ते आपोआप पेटतं आणि माणसं बसलेला भाग ओढून बाजूला नेतं. "ते पेटलं तेव्हा माझ्याच वजनाची सात-आठ माणसं एकदम छातीवर येऊन बसली. श्वास आत घेता येत नव्हता. डोळ्यांपुढं बाजूनं काळं होत आलं. आणि मग एकदम सगळी उठून गेली. वजनच राहिलं नाही. दोरीनं बांधलेली पेन्सिल माझ्या तोंडासमोर तरंगायला लागली. मी तिच्याकडं बघत होतो. मनात आलं, एवढ्यासाठी बारा वर्षं घालवली. त्या दिवसाचं माझं अंतराळ तेवढंच."

एव्हाना आम्ही वर पोचलो होतो. मी सवयीनं त्याला पहिल्या लेण्यात नेलं. चपला-बूट काढले, आत अंधारात उभे राहिलो. हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वासमोर मी नेहमीची माहिती सांगायला सुरुवात केली, पण माझं मन त्यात नव्हतं. दोन वाक्यांत मीच अडखळले. पाहुणा म्हणाला, "राहू द्या. बघतो नुसता." तो बराच वेळ बघत राहिला. डोलीवाले आत येत नाहीत एरवी. त्या दिवशी दारात येऊन थांबले होते.

बाहेर आल्यावर दरीच्या बाजूच्या कट्ट्यावर सगळे टेकलो. खाली वाघूर नदीत थोडंसं पाणी चमकत होतं. पुढच्या डोलीवाल्यानं विचारलं, "पडताना काय वाटलं, ते विचारा ताई. खरं काय वाटलं?"

पाहुण्यानं लगेच उत्तर दिलं, आणि तिथं माझ्याकडून एक लबाडी झाली. तो म्हणाला होता, "मी रडलो. मोठ्यानं रडलो. आणि कपड्यातच लघवी झाली." मला ते या चौघांसमोर बोलवेना. त्याची अब्रू झाकायची म्हणून मी सांगितलं, "म्हणतात, खूप भीती वाटली. देवाचं नाव घेतलं."

डोलीवाल्यांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. पाहुणा त्यांच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "तुम्ही सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान एक जण तरी हसला असता."

मी ओशाळले. म्हटलं, "मला ते सांगायला बरं वाटलं नाही."

"सांगा. तेच तर झालं."

मग मी सांगितलं, मान खाली घालून, जसंच्या तसं. मागचे दोघं खरंच हसले. वाईट नाही, आपल्यातल्याच माणसाला हसतात तसं. पाहुणाही हसला. पण ज्यानं प्रश्न विचारला होता तो हसला नाही. हातातलं फडकं पिळत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "अजून एक विचारा. त्यांचा जोडीदार वाचला का?"

"वाचला. दोघंही वाचले." पाहुण्यानं पुढचं सांगितलं. पॅराशूट उघडल्यावर केवढा तरी वेळ ते झोके घेत खाली येत राहिले. यान नांगरलेल्या शेतात एका कुशीवर आदळलं. आत दोघं पट्ट्यांत अडकून आडवे लोंबकळत होते. त्याची पाठ दुखावली ती तेव्हाच. जोडीदाराचा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला होता, तरी जोडीदारानं विचारलं, "आहेस का?" हा म्हणाला, "आहे." तासाभरानं हेलिकॉप्टर आलं.

"मंग आता बोलतात का ते एकमेकांशी?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. तरी या वेळी काही न गाळता विचारला. पाहुणाही थबकला. त्यानं डोलीवाल्याकडं नीट बघितलं आणि मला म्हणाला, "हा असं का विचारतो, ते आधी त्याला विचारा."

बाकीचे तिघं दरीकडं बघायला लागले. त्यांना माहीत असावं. मग तो बोलला ते माझ्याकडं किंवा पाहुण्याकडं न बघता, समोरच्या दगडाकडं बघून.

"डोली आता धरलीय ताई, तीन वर्सं झाली. आधी विहिरी खोदायला जायचो. मी अन् माझा चुलतभाऊ. दोघं एका वयाचे, शेळ्यामागं संगंच वाढलो. एके ठिकानी काम चालू होतं. क्रेनच्या बकेटात बसून दोघं खाली चाललो होतो. तळ चार मानसं खोल राहिला असंल, तवा वरून क्रेनचा तारेचा रोप तुटला. तो खाली, मी त्याच्या अंगावर. माझ्या अंगाला खरचटलंसुद्धा नाय. त्याचा पाय अन् कंबर गेली. आता काठीवर चालतो. शेळ्या राखतो गावातच."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी त्याच्या दारात गेलो नाय. दवाखान्यात एकदा गेलो, दाराजवळूनच परत आलो. कोन्या तोंडानं जाऊ? मी त्याच्यावर पडलो म्हनून वाचलो. धडधाकट पाय घिऊन त्याच्यापुढं हुबं राहायची लाज वाटती. त्याच्या घराकडची वाटच सोडली. मारुतीला जातो तर मागच्या अंगानं जातो."

हे सगळं मी पाहुण्याला सांगितलं. पाहुण्यानं काठी बाजूला ठेवली आणि कट्ट्यावर सरकत सरकत डोलीवाल्याच्या शेजारी जाऊन बसला.

"आम्हीही बोलत नव्हतो," तो म्हणाला. "वर्षभर. कामाचं तेवढं बोलायचो, तेही दुसऱ्यांसमोर. आमच्या दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक असतो. मी रडलो ते त्याला ऐकू गेलं असणार, हे मला ठाऊक होतं. तो शांत होता, मी रडलो. तो दिसला की मला तेच आठवायचं. तो जेवायला बसला असेल तर मी दुसऱ्या टेबलावर जायचो."

"मंग?"

"मग एका रविवारी तो माझ्या घरी आला, काखेत टरबूज घेऊन. आम्ही अर्धा तास टरबुजाबद्दलच बोललो. गोड आहे, बिया फार आहेत, असलंच काहीतरी. शेवटी मीच म्हणालो, त्या दिवशी तू माझं रडणं ऐकलंस. तर तो म्हणाला, 'ऐकलं ना. ते ऐकू येत होतं म्हणून तर कळत होतं, तू जिवंत आहेस. ते थांबलं तेव्हा मी घाबरलो. म्हणून विचारलं, आहेस का.'"

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा डोलीवाल्यानं फडकं तोंडावर धरलं. शेजारून शाळेची सहल गेली, पोरांचा गलका झाला आणि निघून गेला.

थोड्या वेळानं मागच्या एकानं, वातावरण हलकं करावं म्हणून असेल, विचारलं, "बाबा पुन्हा गेले का वर?"

"गेलो. दोन वर्षांनी. त्या वेळी नीट पोचलो. माझा जोडीदार पुन्हा कधी गेला नाही. त्यानं ते काम सोडलं आणि आता तो पोरांना गणित शिकवतो."

"म्हंजी तुम्ही शूर अन् ते भ्याले."

"नाही," पाहुणा म्हणाला. "भीती दोघांनाही तेवढीच होती. त्याला ती घेऊन घरी राहायचं होतं, मला ती घेऊन जायचं होतं. यात मोठा-लहान कुणी नाही. विहिरीत पुन्हा न उतरणाराही चुकत नाही. हे सांगा त्याला."

मी सांगितलं. डोलीवाल्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पन जाऊन बोलू काय?"

पाहुण्यानं खांदे उडवले. "ते मला माहीत नाही. मला वाटतं, माझ्या मित्रालाही माहीत नव्हतं. म्हणून त्यानं टरबूज आणलं."

त्या दिवशी आम्ही जेमतेम चार लेणी बघितली. शेवटची, निर्वाणातल्या बुद्धाची, राहूनच गेली. उतरताना मी विचारलं, "आता डोलीत बसणार?" पाहुणा म्हणाला, "नको, आज नको." तो एकेक पायरी उतरत गेला आणि तो डोलीवाला त्याच्या एका पायरी पुढं, हात मागं धरून चालला, पाहुणा घसरलाच तर त्याच्यावर पडावा असा. खाली आल्यावर दोघांनी हात मिळवले. त्यात माझी गरज पडली नाही.

परतीच्या गाडीत पाहुणा फुलंब्रीपर्यंत झोपला. जाग आल्यावर म्हणाला, "हे मी माझ्या बायकोलाही इतकं सगळं सांगितलेलं नाही. लघवीचं तर नाहीच." तेव्हाच त्यानं नाव आणि देश न सांगण्याचा शब्द घेतला. बाकी कुणालाही सांगा म्हणाला.

मी पुन्हा अजिंठ्याला गेले ती तीन-चार आठवड्यांनी, दुसऱ्या एका गटाला घेऊन. पायथ्याशी तोच डोलीवाला दिसला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गेलो होतो ताई."

त्यानं टरबूज नेलं नव्हतं. टरबुजाचे दिवसच नव्हते. शेळ्यांसाठी हिरव्या घासाच्या दोन पेंढ्या नेल्या होत्या. दारात जाऊन उभा राहिला तर चुलतभाऊ खाटेवर बसलेला. वर बघून म्हणाला, "तीन वर्सं कुठं मेला होतास?" आणि घास बघून म्हणाला, "ओला हाय. पोट फुगंल शेळ्यांचं. उन्हात टाक जरा." मग दोघं बराच वेळ घासावर आणि शेळ्यांवर बोलत बसले.

"अन् ते? मुद्द्याचं?"

"ते चौथ्या की पाचव्या दिवशी निघालं. मी म्हनलं, मी तुझ्या अंगावर पडलो. तर तो म्हनतो, त्या कामावर तुला मीच वडून नेलं होतं. तू नको म्हनत होतास त्या दिवशी, ताप होता तुला. तू तोंड दाखवंना तवा मला वाटलं, त्याचाच राग धरलाय तू." बोलता बोलता डोलीवाला थांबला. "माझ्या तर ध्यानातबी नव्हतं ताई, ताप होता ते."

पाहुण्याची गोष्टही त्यानं भावाला सांगितली होती, काहीही न गाळता. भाऊ इतका हसला म्हणे, की कंबर धरून बसला.

"म्हणजे झालं सगळं नीट," मी म्हटलं.

"सगळं कुठं? त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाय. रोजच्याला जातो, ती च्या ठिवती, पन कप असा आपटून ठिवती." त्यानं हातानं करून दाखवलं. "तिचंबी बरोबर हाय. तीन वर्सं तिनंच वढलं समदं."

"बोलेल हळूहळू."

"बोलंल की. मी जात ऱ्हातो."

तेवढ्यात माझ्या गटातल्या एक बाई पुढं आल्या. ऐंशीच्या घरातल्या, डोलीत बसायचं म्हणत होत्या. त्यानं साथीदारांना हाक मारली, खुर्चीवरची धूळ फडक्यानं पुसली आणि मला म्हणाला, "त्यांना आधी सांगा ताई, आम्ही पहिल्यांदा पुढून उचलतो. खुर्ची मागं जाईल. घाबरायचं नाय म्हनावं, अन् घाबरल्या तर सांगायचं, खाली ठिवतो."